इक्राच्या खोलीतली रोपं

तेहेतीस वर्षं मी नेरळच्या एका शाळेत शास्त्र शिकवलं. पानाचा आडवा छेद मी फळ्यावर असा काढायचे की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. हरितलवक, पर्णरंध्र, रक्षक पेशी, सगळं रंगीत खडूनं. त्या पानाला कधी पाणी घालावं लागलं नाही, ते कधी सुकलं नाही, आणि तास संपला की डस्टरनं पुसून टाकलं तरी ते मेलं असं कुणी म्हणालं नाही. त्यामुळे झाडांचं आपल्याला सगळं कळतं, अशा समजुतीत मी निवृत्त झाले.

पळसदरीला धरणाच्या अलीकडे आमची अकरा गुंठे जमीन आहे. ती जलालना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांच्या वडिलांकडून मिळाली. जागा माळाची, भात होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं पडूनच होती. शेजारच्या आनंदीबाई तिथे गुरं बांधायच्या. जलालचं कुंभिवलीला हायवेवर टायरचं दुकान आहे. त्यांना जमिनीपेक्षा रस्त्यात जास्त रस. निवृत्तीनंतरची दोन वर्षं मी दुपारी झोपून काढली. मग एका सप्टेंबरात, पाऊस ओसरताना, जेवताजेवता मी जाहीर केलं की यंदा पळसदरीला भाजी लावायची. वांगी आणि टोमॅटो.

"कोण लावणार?" जलालनी विचारलं.

"मी."

त्यांनी माशाचा काटा बाजूला काढून ठेवला आणि म्हणाले, "बरं." चौतीस वर्षांच्या संसारात त्यांचं 'बरं' किती प्रकारचं असतं ते मला कळतं. हे त्यांतलं बरं नव्हतं.

आमची मुलगी इक्रा नोकरीसाठी पुण्याला असते, म्हणून तिची खोली रिकामी. मी तिच्या पलंगावर प्लास्टिक अंथरलं, कर्जतहून तीन प्रोट्रे आणले. प्रोट्रे म्हणजे छोट्या छोट्या कप्प्यांचा ट्रे, एका ट्रेत अठ्ठ्याण्णव कप्पे. प्रत्येकात नारळाच्या शेंड्यांचा भुसा भरला आणि एकेक बी टोचलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन कडक, म्हणून खिडकीला पडदा लावला. वारा नको, म्हणून खिडकी बंद. उजेड हवा, म्हणून ट्यूबलाइट चालू. पंखा एकवर.

सहाव्या दिवशी कोंब वर आले. मी पलंगाशी उकिडवी बसून ते मोजले. मग चहा प्यायले आणि पुन्हा मोजले.

पंचविसाव्या दिवशी रोपं वीतभर झाली होती. बारीक, लांब, फिकट हिरवी, एकमेकांवर रेललेली. मला ती इतकी सुंदर वाटली की मी फोटो काढून आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'माझी लेकरं.' अभिनंदनाचा पाऊस पडला. मराठीच्या सुरेखाबाईंनी लिहिलं, 'अख्तर, केवढी उंच झाली गं!' मी लिहिलं, 'शास्त्रशुद्ध पद्धत.' हे शब्द मी पुढे बरेच दिवस गिळत होते.

रोपं ट्यूबलाइटकडे जीव खाऊन मान ताणत होती आणि मी त्याला वाढ म्हणत होते. नववीच्या पुस्तकात प्रकाशानुवर्तनाचा एक अख्खा धडा आहे. तो मी तेहेतीस वेळा शिकवला आहे.

महिनाअखेरीला एका सकाळी जलालनी दुकानाचा टेंपो दिला. त्यात ट्रे ठेवून, वर चादर धरून, मी पळसदरीला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. आनंदीबाईंनी वाफे आधीच करून ठेवले होते. साठीच्या पुढच्या, काटक बाई. नवीन नावाचा त्यांचा मुलगा खोपोलीला कारखान्यात जातो, पण शेती अजून यांच्याच हातात. त्यांनी ट्रेमधलं एक रोप दोन बोटांत धरून वर उचललं. ते बोटांवरून खाली लोंबलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "यांना ऊन दाखवलंय का कंदी?"

"घरात उजेड होता ना."

"उजेड येगळा, ऊन येगळं. आता नका लावू. संध्याकाळी लावू. मी ऐनाचे टहाळे आनते, एकेकाच्या डोक्यावर सावली करू. चार रोज तरी."

आता मी काय करायला हवं होतं हे कुणालाही कळेल. मी मात्र आनंदीबाईंना प्रकाशसंश्लेषण समजावून सांगितलं. पान सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं, तेव्हा सावली करणं म्हणजे झाडाला उपाशी ठेवणं, असं मी बांधावर उभी राहून, हात हलवत, पाच मिनिटं बोलले. आनंदीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या," आणि खुरपं घेऊन लावायला बसल्या.

दीड वाजता लावणी झाली. तीन वाजता सगळी रोपं आडवी पडली होती. माझी पहिली शंका पाण्यावर गेली, म्हणून मी पाणी घातलं. चार वाजता पुन्हा घातलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर पानं पांढरी पडून कागदासारखी झाली होती, हात लावला की चुरा व्हायचा. तिसऱ्या दिवशी आनंदीबाईंची शेळी वाफ्यात शिरली आणि काही न खाता बाहेर आली.

मी रडले नाही. पण जलाल दुकानातून आले तेव्हा मी इक्राच्या खोलीत पलंगावर बसले होते, ट्यूबलाइट लावून. ते दारात उभे राहिले.

"किती गेली?"

"सगळी."

"एक पण नाही राहिलं?"

"एक मिरचीचं आहे. ते मी लावलंच नव्हतं, आपोआप उगवलंय."

ते हसले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. बाहेर जाऊन हसले असावेत, कारण बाथरूमचा नळ बराच वेळ उगाच वाहत होता.

खरं संकट दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. ग्रुपवर सुरेखाबाईंनी लिहिलं होतं: 'येत्या रविवारनंतरच्या रविवारी आपण सर्वजण अख्तरची बाग पाहायला पळसदरीला जायचं. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणावा.' खाली सात अंगठे. मी लिहायला घेतलं की रोपं मेली. पुसलं. मग लिहिलं, 'अवश्य या!' आणि वर सूर्यफुलाचं चित्र टाकलं.

त्याच दुपारी मी कुंभिवलीला गेले. जलालच्या दुकानापासून थोडं पुढे हायवेलाच लागून एक नर्सरी आहे, हिरव्या शेडनेटची. मालकाचं नाव मनोज. आमच्या शाळेतला, पस्तिशीचा, आता पोट जरा सुटलेला. मला बघताच तो खुर्चीवरून उठला, हात पॅंटला पुसले आणि वाकून पाया पडला. खरेदीला आलेली दोन गिऱ्हाइकं बघत राहिली.

त्याला बघून मला एक जुनी गोष्ट आठवली. नववीतल्या एका मनोजनं 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?' या प्रश्नाला 'झाड स्वतःचा डबा स्वतः करतं' असं उत्तर लिहिलं होतं. मी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. वर्ग हसला, मीही हसले, आणि लाल शाईनं लिहिलं, 'पुस्तकातली भाषा वापर.' इतक्या वर्षांत मला ते अधूनमधून आठवायचं. आता रोपं मागायची वेळ आली, तेव्हा वाटलं आधी हे मोकळं करावं.

"मनोज," मी म्हणाले, "मला तुझी माफी मागायचीय." आणि सगळं सांगितलं. डबा, लाल शाई, हसणारी मुलं.

मनोज खूप लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्यानं कान खाजवला.

"बाई, तो मी नाय. तो दुसरा मनोज असंल, 'अ' तुकडीतला. तो आता पनवेलला वकील हाय. मी 'ब'मधी होतो. मला तुमी शास्त्राला नव्हताच."

"मग मी तुला काय शिकवलं?"

"ऑफ तासाला यायच्यात ना तुमी. 'डोकी खाली ठेवा, आवाज नको' म्हनायच्यात." त्याचा चेहरा उजळला. "काय झोप लागायची, बाई!"

मग मी रोपांची गोष्ट सांगितली. ही त्यानं पहिल्यापेक्षा जास्त गंभीरपणे ऐकली.

"तयार रोपं सगळी कालच चौक गावाला गेली," तो म्हणाला. "आता राहिलेत ते दोन ट्रे, वांग्याचा एक नि टोमॅटोचा एक. पन ते नेटमधले हायत, कवळे. त्यांचं हार्डनिंग, म्हंजी उन्हावाऱ्याची सवय, व्हायचंय. लगेच लावलेत तर तुमच्या पहिल्यांसारखंच होईल. आठ-नऊ दिवस द्या. मी करून देतो."

"मी करते," मी म्हणाले. का म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही. रविवारला नऊ दिवस होते खरे, पण घरी नेली तर काहीतरी करून आधी लावता येतील, असं मनात कुठेतरी असणार.

त्यानं पावतीच्या मागे पेन्सिलीनं लिहून दिलं. दोन दिवस नुसती बाहेर, सावलीत, वारा लागू दे. मग सकाळचं ऊन एक तास. मग दोन तास. रोज थोडं वाढवायचं. पाणी कमी. "पानं जराशी मान टाकतील दुपारची. टाकू देत. सांजला उचलतात. तेवा पानी घालायला धावायचं नाय. एवढं एकच सांभाळा, बाई. आणि रोज फोटो पाठवा."

घरी दोन दिवस पाहुणी आली होती, म्हणून ट्रे बाल्कनीच्या सावलीतच राहिले. तेवढं नकळत बरोबर झालं. तिसऱ्या दिवसापासून गच्ची. नेरळचा आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, इमारत चार मजली आणि लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. सकाळी एकेक ट्रे वर, ऊन वाढलं की एकेक ट्रे खाली. माझे गुडघे तेव्हा स्वतंत्रपणे तक्रार करू लागले. रोपांना एकटं सोडवेना, म्हणून मी प्लास्टिकची खुर्ची नेली, आणि ऊन लागतं म्हणून छत्री. रोपं उन्हात, मी छत्रीखाली, असा आमचा सराव चालायचा.

दुसऱ्या सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी टाकी बघायला वर आले.

"मॅडम, गच्ची खाजगी वापराला नाही."

"पापड वाळवतात की सगळे."

"वाळवण चालतं."

"मग हे वाळवणच आहे."

त्यांनी ट्रेकडे वाकून पाहिलं. "काय वाळवताय?"

"वांगी."

"वांगी कुठायत?"

"अजून लागली नाहीत."

ते टाकीचं झाकण बघून खाली गेले. संध्याकाळी त्यांच्या मिसेसनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

ऊन तीन तासांवर गेलं त्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. मनोजनं सांगितलं होतं, मला माहीत होतं, तरीही माझ्यानं बघवेना. अगदी पळसदरीसारखीच दिसत होती. मी खाली गेले, तांब्या भरला, वर आले, घातलं. पाच मिनिटांनी पुन्हा गेले. संध्याकाळी फोटो पाठवला तर लगेच फोन.

"बाई, ट्रेच्या खाली लादी ओली दिसतेय. पानी किती वेळा घातलं?"

"एकदाच."

"बाई."

"दोनदा."

पलीकडे तो गप्प राहिला. नुसता गप्प.

"तीनदा," मी म्हणाले. "पण तिसऱ्यांदा अगदी थोडं."

गप्प राहिलं की मुलं खरं बोलतात, ही युक्ती मी तेहेतीस वर्षं वापरली. ती इतकी चालते हे मला माहीत नव्हतं.

"दोन दिवस वाढले," मनोज म्हणाला. "आता मंगळवारी लावा. संध्याकाळी."

"मनोज, रविवारी माणसं येणारेत."

"रोपांना काय म्हाईत, बाई?"

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं ग्रुपवर खरं लिहिलं असतं. मी शनिवारी दुपारी वांग्याचा ट्रे टेंपोत ठेवला आणि जलालना म्हणाले, पळसदरीला जाऊन येऊ. त्यांनी किल्ली घेतली. कर्जत मागे पडलं.

"मनोज मंगळवार म्हणाला होता," मग ते म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या दुकानात चहाला येतो तो. तू किती पाणी घातलंस ते पण माहीत आहे."

मी पुढच्या वाफ्यात अठरा वांगी लावली, फक्त रस्त्याकडच्या रांगेत. मागच्या वाफ्यांवर ऐनाचे टहाळे पसरून टाकले, म्हणजे तिथेही काहीतरी नाजूक झाकून ठेवलंय असं वाटावं. आनंदीबाई घरी नव्हत्या, ते बरंच झालं असं तेव्हा वाटलं.

रविवारी सगळे आले. सात शिक्षक, सात डबे. मी त्यांना रस्त्याकडच्या रांगेसमोर उभं केलं आणि बोलत राहिले. जातीबद्दल बोलले, मातीबद्दल बोलले. सुरेखाबाई वाकून बघत होत्या.

"अख्तर, फोटोत केवढी उंच होती. ही बुटकी कशी दिसतात?"

"छाटणी केली," मी म्हणाले. वांग्याच्या रोपाची छाटणी. देव मला क्षमा करो.

"आणि टोमॅटो?"

"ते मागे, सावलीत." मी टहाळ्यांकडे हात केला.

तेवढ्यात बांधावरून आनंदीबाई ताकाची कळशी घेऊन आल्या. पाहुण्यांसाठी मुद्दाम घुसळलं होतं. मी त्यांना डोळ्यानं खुणावलं, पण त्यांना वाटलं की मी ताक वाटायला सांगतेय.

"टमाटी?" त्या पेले भरत म्हणाल्या. "आवं, ती कदीच मेली. समदी. बाईंनी भर दुपारची लावली ना! ही वांगी नवी आनली, काल लावल्यात वाटतं. त्या टहाळ्याखाली काय नाय, बगा." आणि त्यांनी पायानंच टहाळा बाजूला सारला. खाली खरंच काही नव्हतं. मिरचीचं रोपही घरीच होतं.

मी ताकाचा पेला धरून उभी होते. मग मी सगळं सांगून टाकलं: पडदा, पंखा, ट्यूबलाइट, बांधावरचं व्याख्यान, दुसरा मनोज, वाळवण. वाळवणापाशी सुरेखाबाई बांधावर खाली बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, माझी कादंबरी तीन वर्षं ग्रुपवर चालू आहे ना, तिचं एक पान झालंय. एक! तेही कर्जत स्टेशनच्या वर्णनाचं." मग चित्रकलेचे सर म्हणाले की ते रोज पाच किलोमीटर चालल्याचं ग्रुपवर लिहितात, पण जातात ती चहाची टपरी साधारण पाचशे मीटरवर आहे. आम्ही तिथेच आंब्याखाली डबे उघडले. आनंदीबाई पण जेवल्या. माझी कोलंबीची खिचडी आधी संपली, एवढी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या बाजूनं झाली.

मंगळवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, उरलेली रोपं लावली. आनंदीबाई सांगतील तसं. त्यांनी "खोल नको" म्हटलं की खोल नाही. "आता पानी" म्हटलं की पाणी. एकदा माझ्या तोंडाशी 'केशमुळं' हा शब्द आला, तो मी गिळला. गच्चीवर राहिलेल्या या रोपांची देठं जांभळट, कडक झाली होती. बोटात धरली तर ताठ उभी राहत होती.

पंधरा दिवसांनी मी वही घेऊन मोजायला गेले. शनिवारच्या घाईच्या अठरापैकी अकरा जगली होती. मंगळवारची एकशे अठ्ठ्याहत्तर लावली होती, त्यातली चार गेली, आणि त्यातलं एक माझ्या चपलेखाली. एक गट घाईचा, एक गट नियमाचा, माती तीच, पाणी तेच. इतक्या वर्षांत शाळेत माझ्याकडून इतका स्वच्छ प्रयोग कधी झाला नव्हता, आणि हाही झाला तो लोकांना फसवायला गेले म्हणून. मनोजला आकडे सांगितले तर तो म्हणाला, "अकरा जगली? लई झाली, बाई." मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. बसस्टॉपवर उभी असताना लक्षात आलं की ती रोपांना होती.

टोमॅटो जानेवारीत आले, पळसदरीत सगळ्यांच्याच वाफ्यात एकाच आठवड्यात. आनंदीबाईंना दोन किलो द्यायला गेले तर त्यांनी मला तीन किलो दिले. जलालनी दुकानात पंक्चर काढायला आलेल्या माणसांना टोमॅटो वाटले. दोन ट्रकवाल्यांनी घेतले, एकानं विचारलं, टोमॅटो घेतले तर पंक्चरचे पैसे कमी घ्याल का.

वांगी मात्र छान आली. पहिली चार मी घरी आणली, जांभळी, चकचकीत, देठाला काटे. सुके बोंबील घालून रस्सा केला, भात केला. जलाल जेवायला बसले. मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, ताट पुढे करून पुन्हा वाढायला सांगितलं.

"कसं झालंय?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला.

"बोंबील चांगले होते," ते म्हणाले.